माऊसला हात लावू नये

३ मे, रविवार. सकाळी ८.१५

उद्यापासून उन्हाळी वर्ग. चार आठवडे, सहा विद्यार्थी. कुणाला दिसत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाचे हात ऐकत नाहीत. त्यांना कॉम्प्युटर आणि मोबाइल स्वतःचा स्वतः वापरायला शिकवायचं. याला सहायक तंत्रज्ञान म्हणतात. हा शब्द मला गेल्या मंगळवारपासून माहीत आहे, पण विषय नवा नाही. एकतीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलाय.

नेहमीच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहेत. केंद्राच्या संचालिका बाई फोनवर म्हणाल्या, ऐनवेळी दुसरं कुणी मिळालं नाही. यातला 'ऐनवेळी' महत्त्वाचा. ऐनवेळी माणूस भरवशाच्या माणसाकडेच वळतो.

वर्गाला कायमचा प्रमुख नेमायचा विचार आहे, असंही त्या बोलता बोलता म्हणाल्या. मी गप्प राहिलो. सुचवायची गरज नव्हती.

संकल्प: रोज रोजनिशी, खरं तेच लिहायचं. विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका, महिन्याच्या आत. चिडायचं नाही.

दुपारी १२

पुस्तिकेची अर्पणपत्रिका लिहून झाली.

४ मे, सोमवार. दुपारी ४.३०

पहिला दिवस उत्तम. चौसष्ट स्लाइड्स केल्या होत्या, रंगीत, बाण वगैरे. पडद्यावर लाल टिपका फिरवत वीस मिनिटं 'इथे क्लिक करा, मग इथे' असं समजावलं. मग दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. वय सतरा, जन्मापासून दिसत नाही. तिने विचारलं, सर, 'इथे' म्हणजे कुठे. म्हटलं, वर उजवीकडे, निळं बटण. ती म्हणाली, निळं कसं ऐकू येतं.

वर्ग हसला. मीही हसलो. वातावरण मोकळं झालं. तिचं नाव मी वकीलबाई ठेवलंय. टोपणनावाने जवळीक वाढते.

तिच्या शेजारी एक मुलगा, सोळा वर्षांचा, त्यालाही दिसत नाही. त्याच्या फोनमधून किरकिर किरकिर असा आवाज येत होता. म्हटलं, फोन बिघडलाय, बंद करून चालू कर. तो म्हणाला, बिघडला नाही, बोलतोय. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात, त्याचा वेग त्याने इतका वाढवलाय की शब्द माशीसारखे जातात. काय वाचतोयस विचारलं, तर म्हणाला, तुमच्या स्लाइड्स. वर्गाच्या फोल्डरमध्ये होत्या, संपल्यापण. चौदाव्या स्लाइडवर दोन चुका आहेत. याचं नाव एक्स्प्रेस.

तिसरा चाकाच्या खुर्चीत. अठराचा. दिसतं छान, कळतं छान, पण हात आणि जीभ ताब्यात नाहीत. हनुवटीपाशी एक बटण आणि समोर टॅब्लेट. टॅब्लेटवर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते आलं की तो हनुवटीने बटण दाबतो, आणि वाक्य पुरं झालं की टॅब्लेट भारदस्त आवाजात बोलतो. एका वाक्याला चार मिनिटं. मी वर्गाला विचारलं होतं, काही शंका? कुणी बोललं नाही. पुढे गेलो. चहाची वेळ झाली, म्हटलं, कुणाकुणाला चहा? तेवढ्यात टॅब्लेट म्हणाला, हो. तुम्हाला हे येतं का.

त्याला चहा द्यायला सांगितलं. त्याचं नाव न्यायाधीश.

संचालिका बाई मागे बसून बघत होत्या. सुटल्यावर म्हणाल्या, इथे एकच नियम. मुलांच्या कीबोर्डला, माऊसला शिक्षकाने हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं. नियम योग्य आहे. नवख्या माणसांना लागतोच.

६ मे, बुधवार. सकाळी ७

काल स्क्रीन रीडर घरी शिकलो. शिक्षकाला सगळं यायला हवं. फोनचा पडदा काळा करून वीस मिनिटं, नुसतं ऐकून. त्यात साडूला तीन फोन लागले आणि हिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर माझा बनियनमधला फोटो गेला. ही म्हणाली, तुम्ही शिकताय की शिकवताय ते एकदा ठरवा. तत्त्व समजलं, ते महत्त्वाचं. सरावाची गरज विद्यार्थ्यांना असते.

७ मे, गुरुवार

आजपासून रोजनिशी बोलून लिहिणार पूर्णविराम फोन ऐकतो आणि टाइप करतो स्वल्पविराम हाताला त्रास नाही पूर्णविराम शिकवणाऱ्याने आधी स्वतः वापरून बघावं असं माझं मत अहो गॅस बंद केलात का मत आहे पूर्णविराम वर्गाची प्रगती समाधानकारक दूध उतू गेलं समाधानकारक आहे पूर्णविराम मी बंद केला होता नाही केला होता मी बोलतोय इथे एकटेच कुणाशी बोलताय पूर्णविराम

वरचं तसंच ठेवतो. पुढच्या वेळी दार लावायचं. फाइलचं नाव 'खासगी'. कुठे ठेवू असं फोनने विचारलं. म्हटलं, नेहमीच्या जागी.

८ मे, शुक्रवार. दुपारी ४

बोलून लिहिणं तूर्त स्थगित. बोटांनी टाइप करतोय, फाइल तीच.

तक्रारी, फक्त स्वतःपाशी. हेडफोनच्या वायरी कुणी गुंडाळून ठेवत नाही. रोज मी गुंडाळतो. दुसरं, चहा सगळ्यांना जातो, मला कुणी विचारत नाही, आणि कमी साखरेचा लागतो हे तर कुणाच्या गावीही नाही. तिसरं, माझा पासवर्डचा विनोद. शाळेत एकतीस वर्षांत कधी वाया गेला नाही. इथे एकही हसला नाही. न्यायाधीशांना वेळ दिला होता, चार मिनिटं. तरीही नाही.

कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. मुकाट सोसायचं ठरवलंय.

पुस्तिका: मनोगत पूर्ण. मनोगतात चांगला जोर आलाय.

११ मे, सोमवार. दुपारी ४.१५

आश्चर्य. वर्गात गेलो तर सगळ्या वायरी गुंडाळलेल्या, प्रत्येकीला रबरबँड. टेबलावर चहा, कमी साखरेचा. तासाभराने पासवर्डचा विनोद पुन्हा घेतला, तर वर्ग खो खो हसला. एक्स्प्रेस तर मी शेवटाला पोचायच्या आधीच हसत होता.

मी कुणाला एक शब्दही बोललेलो नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. काही माणसांचं व्यक्तिमत्त्व न बोलताच काम करतं. पुस्तिकेत नवं प्रकरण घेतोय: मौनातून शिस्त.

१२ मे, मंगळवार. दुपारी ४

चहाच्या सुट्टीत वकीलबाईंशी बोललो. तिला खरंच वकील व्हायचंय. कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा आहे, ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या. परीक्षा ती कॉम्प्युटरवर देणार, स्क्रीन रीडर लावून, स्वतः टाइप करून. दोन वर्षं सराव केलाय.

मी विचारलं, लेखनिक का घेत नाहीस. तू सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, सोपं काम. ती म्हणाली, दहावीला घेतला होता. मी चार वाक्यं सांगितली की त्या ताई दोन लिहायच्या. एकदा म्हणाल्या, एवढं कशाला, मार्क तेवढेच मिळणार. निकाल लागला तेव्हा मला कळेना की हे मार्क माझे की त्यांचे.

ऐकून घेतलं. वय लहान आहे. या वयात सगळं स्वतः करायची हौस असते.

१३ मे, बुधवार. संध्याकाळी ५

आजचा दिवस माझ्या कारकिर्दीत लक्षात राहील.

वकीलबाईंनी फॉर्म भरला. नऊ पानं. वेबसाइटने दोनदा बाहेर फेकलं, दोनदा पहिल्यापासून भरला. एक तास दहा मिनिटं. चिडली नाही. (हे मी माझ्याकडून आलेलं मानतो.) शेवटच्या पानावर अडली. तिथे एका चित्रात वेडीवाकडी सहा अक्षरं असतात, ती ओळखून टाइप करायची. समोर यंत्र नाही, माणूस आहे, याची वेबसाइटला खात्री हवी असते. चित्र असल्यामुळे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. ती म्हणाली, म्हणजे ज्याला दिसत नाही तो माणूस नाही असं यांचं म्हणणं. मग म्हणाली, सर, फक्त अक्षरं वाचून सांगा, टाइप मी करते.

संचालिका बाई बाहेर मीटिंगला होत्या. नियम मला पाठ आहे, पण नियमामागची भावना महत्त्वाची. म्हटलं, आण इकडे, दोन मिनिटांचं काम. माऊस घेतला.

शिक्षकाची सवय, एकदा सगळी पानं मागे जाऊन तपासली. सातव्या पानावर 'परीक्षेत कोणती सोय हवी' याच्यापुढे तिने 'स्क्रीन रीडरसह कॉम्प्युटर' निवडलं होतं. मी थांबलो. कॉम्प्युटर ऐन परीक्षेत हँग होतो. वीज जाते. लेखनिक हँग होत नाही. तिच्या भल्याचा विचार करून 'लेखनिक' निवडलं आणि फॉर्म पाठवला.

ती म्हणाली, झालं? म्हटलं, झालं. तिने हात पुढे करून माझा हात हातात घेतला.

बदलाचं सांगितलं नाही. उगीच हुरहूर लागली असती. पुढे कधीतरी तिला कळेल की ऐन वेळी कुणीतरी मोठ्या माणसासारखा विचार केला होता.

१४ मे, गुरुवार. सकाळी १०

पाण्याच्या टाक्या धुणार म्हणून केंद्र बंद. घरी पुस्तिका. नवं प्रकरण: दूरदृष्टी. फक्त शीर्षक झालं, पण शीर्षक चपखल आहे.

१५ मे, शुक्रवार. सकाळी ११.२०

पुन्हा वही. कारण लिहितो.

आज वर्गात शिरलो तर चहा नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, सर, तुमची 'खासगी' नावाची फाइल वर्गाच्या फोल्डरमध्ये येते. आधी आम्हाला वाटलं वाचनाच्या सरावासाठी ठेवलीय.

माझी नेहमीची जागा म्हणजे वर्गाचं फोल्डर, हे फोनने परस्पर ठरवलं होतं. मी त्याला तसं कधीही सांगितलेलं नाही.

आठवड्याभराची रोजनिशी एक्स्प्रेसने सव्वा मिनिटात ऐकली. बाकीच्यांनी सावकाश. दुधाचा भाग न्यायाधीशांनी दोनदा ऐकला. मी विचारलं, मग आधीच का सांगितलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, सांगणार होतो, सोमवारी. पण वायरींचं तुमचं बरोबर होतं. आणि तुम्ही त्या दिवशी इतके खूश होतात.

बसायला खुर्ची शोधत होतो. ती म्हणाली, बुधवारचं आज सकाळी ऐकलं. सातव्या पानावर काय केलंत ते एकदा तुमच्या तोंडून सांगा.

म्हटलं, कॉम्प्युटर हँग होऊ शकतो. ती म्हणाली, होऊ दे. हँग झाला तर माझा होईल.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं पडलं असतं, उद्धटपणावर बोलता आलं असतं.

एक्स्प्रेसने वेबसाइटवरचे नियम ऐकून काढले. पंचेचाळीस पानं, मला एक शब्द कळला नाही. म्हणाला, दुरुस्ती एकदाच करता येते, मुदत आज पाच वाजेपर्यंत. चित्रातली अक्षरं तीन वेळा चुकली तर फॉर्म चोवीस तास बंद. म्हणजे कायमचाच.

संध्याकाळी ५.४०

घरी यायच्या आधी केंद्राच्या पायरीवर बसून लिहितोय. क्रमाने लिहितो.

वेबसाइट दुपारभर उघडत नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी उघडली. वकीलबाईंनी सातवं पान गाठलं, 'स्क्रीन रीडरसह कॉम्प्युटर' निवडलं, शेवटच्या पानावर आली. संचालिका बाई आजही बाहेर. बाकी तिघं घरी गेलेले. उरलेल्यांत दिसणारे दोघंच, मी आणि न्यायाधीश. त्यांना एकेका अक्षराला वेळ लागतो आणि चित्र दर दोन मिनिटांनी बदलतं. म्हणून वाचायचं मी. अट एक: हात मांडीखाली घालून बसायचं. अपमान वाटला, पण बसलो.

चष्मा घरी होता. जवळचं मला चष्म्याशिवाय दिसतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलोय.

पहिला प्रयत्न. पाच अक्षरं वाचली, सहाव्याला शून्य म्हटलं. तो ओ होता. चूक.

दुसरा प्रयत्न. सगळं नीट बघितलं. शून्यासारखं काहीतरी होतं, अनुभवावरून म्हटलं, ओ. ते शून्य होतं. चूक.

चार वाजून एकेचाळीस मिनिटं. वकीलबाईंची बोटं कीबोर्डवर होती, नुसती ठेवलेली. मी म्हटलं, या वेळी नक्की सांगतो. तेव्हा टॅब्लेट बोलला. थांबा.

न्यायाधीश कधीपासून जुळवत होते कोण जाणे. एक्स्प्रेसने खुर्ची ढकलून त्यांना स्क्रीनसमोर आणलं. चित्र बदलायची वाट बघितली. नवं चित्र आलं तशी मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा धरला.

टॅब्लेटवरची अक्षरं एकेक करून उजळायला लागली. हनुवटी खाली, बटण. के. वकीलबाईंनी के दाबला. पुन्हा ओळी सुरू. सात. मग एक अक्षर निसटलं, त्यांना पूर्ण फेरी थांबावं लागलं, आणि त्या फेरीत मी श्वास घेतला नाही. एम. डब्ल्यू. त्यांच्या मानेवरून घाम खाली येत होता. चार. दीड मिनिट गेलं होतं. सहावं अक्षर आर होतं, मला आता अगदी स्पष्ट दिसत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. माझ्या नक्की दिसण्याचा अनुभव आत्ताच दोनदा आला होता. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांना टॅब्लेट म्हणाला, आर. मोठा.

तिने पाठवलं. वेबसाइट विचार करत बसली. मग कॉम्प्युटर म्हणाला, तुमची दुरुस्ती स्वीकारली आहे. प्रत्येक शब्द सुटा, हळू. वकीलबाईंनी वेग कमी करून ठेवला होता, मला समजावं म्हणून.

एक्स्प्रेसने बाकावर दोन्ही हात आपटले. न्यायाधीशांची मान मागे टेकली होती, डोळे मिटलेले. त्यांच्या खुर्चीला टॉवेल अडकवलेला असतो. विचारलं, मान पुसू का. त्यांनी एकदा पापण्या मिटल्या, म्हणजे हो. पुसली. हात मांडीखालून काढायला कुणी सांगितलं नव्हतं, ते नंतर लक्षात आलं.

माझा वाटा नोंदवून ठेवतो. पहिल्या दोन प्रयत्नांमुळे शून्य आणि ओ यांतला धोका सगळ्यांना कळला.

१८ मे, सोमवार. दुपारी ४

वकीलबाईंशी बोललो. शनिवार-रविवार तयारी केली होती. म्हटलं, परवा थोडा गैरसमज झाला. ती म्हणाली, गैरसमज नाही सर. तुम्ही बदललंत. म्हटलं, हेतू चांगला होता. ती म्हणाली, दहावीच्या ताईंचाही असेल.

म्हटलं, फॉर्म तुझा होता. मी हात लावायला नको होता. चुकलं.

बरीच वाक्यं तयार होती, पण बाहेर आली ती एवढीच. ती म्हणाली, ठीक आहे. मग म्हणाली, आज एक्सेल शिकवणार होतात. शिकवलं. 'इथे' हा शब्द तासाभरात फक्त सात वेळा वापरला. एक्स्प्रेस मोजत होता.

चहा होता. साखर जरा जास्त.

२२ मे, शुक्रवार. दुपारी १

संचालिका बाईंना आपणहून सांगायला गेलो. कुणी सांगण्याआधी सांगितलं की चारित्र्य दिसतं. 'प्रवेश प्रक्रियेतील एक तांत्रिक बाब' असा अर्ज टाइप केला होता, दीड पान. तेरा मिनिटं बोललो. वेबसाइटची रचना, विजेची परिस्थिती, शिक्षकाची जबाबदारी. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे तुम्ही माऊसला हात लावला.

म्हटलं, हो.

त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. टेबलाच्या या बाजूने उलटं दिसत होतं, चष्मा असूनही वाचता आलं नाही. प्रामाणिकपणाची नोंद असावी.

२६ मे, मंगळवार. सकाळी ७.३०

पुस्तिकेतून 'मौनातून शिस्त' आणि 'दूरदृष्टी' ही प्रकरणं काढली. आता पुस्तिकेत अर्पणपत्रिका आणि मनोगत उरलंय. ही म्हणाली, मग छापायला हरकत नाही, कुणाला कंटाळा यायचा नाही.

२९ मे, शुक्रवार. दुपारी ३

समारोप. पालक आले होते. मी नऊ मिनिटांचं भाषण लिहून आणलं होतं, मोठ्या टायपात, चष्म्यासह. आधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपापलं एक काम दाखवायचं होतं. न्यायाधीशांनी आयत्या वेळी बोलायचं ठरवलं. त्यांचे वडील टॅक्सी चालवतात, ते मोबाइल धरून उभे होते. अकरा मिनिटं हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. टॅब्लेट म्हणाला, लोक माझं वाक्य पुरं करतात. बहुतेक चुकीचं करतात. थांबत जा.

त्यावर टाळ्या इतका वेळ चालल्या की भाषणाची वेळ संपली. तसंही त्यानंतर बोलण्यासारखं काही नव्हतं. कागद खिशात घातला.

संचालिका बाईंनी जाहीर केलं की जूनमध्ये शिक्षकांसाठी वर्ग घेणार, शिकवणार वकीलबाई आणि एक्स्प्रेस. प्रमुख कोण ते लवकरच ठरेल. हे म्हणताना त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे घड्याळ होतं, पण बघण्याची तऱ्हा वेगळी होती.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय वाचायला मिळाले. 'सरांकडून काय शिकलात' या प्रश्नाला एक्स्प्रेसने लिहिलंय: धीर. वकीलबाईंनी लिहिलंय: 'इथे' म्हणजे कुठे, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

४ जून, गुरुवार. दुपारी २

वकीलबाईंचा फोन. हॉल तिकीट आलं. त्यावर छापलंय, स्क्रीन रीडरसह कॉम्प्युटर. तिने मला दोनदा वाचून दाखवलं. म्हटलं, अभ्यास कर. ती म्हणाली, करतेय, आणि परीक्षेला तुम्ही येऊ नका. म्हटलं, येणारच नव्हतो. खरं म्हणजे बसची चौकशी करून ठेवली होती.

९ जून, मंगळवार. दुपारी १२.३०

शनिवारपासून संचालिका बाईंचे फोन येत होते. शनिवारी दोन, रविवारी एक, काल तीन. एकही उचलला नाही. प्रमुखपदासारखी गोष्ट, लगेच उचललं तर उतावीळपणा दिसतो. आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः गेलो. स्वीकारायचं कसं, तेही ठरवलं होतं. आधी थोडे आढेवेढे, मग तुमच्या आग्रहाखातर.

त्या दारातच होत्या. म्हणाल्या, बरं झालं आलात, लोखंडी कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे का. हेडफोन सगळे आत आहेत, शिक्षकांचा वर्ग तीन दिवस हेडफोनशिवाय चाललाय.

खिशात हात घातला. होती. घराच्या किल्ल्यांच्या कडीत, समारोपाला कपाट मीच बंद केलं तेव्हापासून. कडी उघडेना. नखाने प्रयत्न केला, दाताने केला. त्या उभ्या होत्या. आतून अकरा कॉम्प्युटर एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत असल्याचा आवाज येत होता. शेवटी निघाली.

जाता जाता विचारलं, ते प्रमुखाचं काही ठरलं का. म्हणाल्या, हो, गेल्याच आठवड्यात. आमच्या बाई रजेवरून परत येतायत, त्यांनाच केलं. मग म्हणाल्या, आणखी काही? म्हटलं, नाही. त्या किल्ली घेऊन आत गेल्या. एकेक करून आवाज बंद होत गेले.

घरी आलो. हिने विचारलं, कशाला बोलावलं होतं. म्हटलं, किल्लीसाठी. म्हणाली, दिलीत? म्हटलं, दिली. ती म्हणाली, मग तो शर्ट बदला आणि शेंगा सोलायला बसा.

बसलो.